आवश्यक संपर्कांची गणना

मनुष्याला ऑनलाइन संपर्क किती लागतात, हा प्रश्न संख्येचा वाटतो. परंतु संख्या सांगण्यापूर्वी काय मोजायचे ते निश्चित व्हावे लागते, म्हणून आरंभ संज्ञांपासून करणे भाग आहे.

मोबाईलमध्ये किंवा समाजमाध्यमावर एखाद्याचे नाव असणे, एवढ्यालाच येथे 'नोंद' म्हटले आहे. नोंद असलेल्या दोन व्यक्तींमध्ये दोन्ही बाजूंनी संदेशांची देवघेव चालू असेल तर तो 'संपर्क'. ज्या संपर्कात एकाच्या गरजेमुळे दुसऱ्यावर कर्तव्य येते आणि ते कर्तव्य दोघांना मान्य असते, तो 'संबंध'. लग्नाच्या पंगतीत घेतलेला क्रमांक ही नोंद होय. शिमग्याला पालखी आपल्या वाडीत कोणत्या दिवशी येणार हे ज्याला दरवर्षी विचारले जाते तो संपर्क, आणि वडिलांना छातीत कळ आली म्हणून मध्यरात्री गाडी काढतो तो संबंध. या तिन्हींची गल्लत हे या विषयातील बहुतेक भ्रमांचे मूळ आहे. माध्यमे केवळ नोंदी मोजतात. फेसबुकवर मित्रांची कमाल मर्यादा ५,००० आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये पूर्वी २५६ जण मावत. २०२२ मध्ये ती मर्यादा प्रथम ५१२ आणि नंतर १,०२४ झाली. या सीमा यंत्रणेच्या सोयीने ठरल्या आहेत. मनुष्याच्या गरजेशी त्यांचा संबंध नाही.

दुसरी संज्ञा 'आवश्यक'. ज्याच्या अभावी एखादी खरी गरज अपुरी राहते, आणि जी गरज हाती असलेल्या अन्य संपर्काने भागत नाही, तो संपर्क आवश्यक. या व्याख्येचा उत्तरार्ध निर्णायक आहे. दहा जण एकच काम, एकाच मार्गाने, एकाच वेळी करू शकत असतील आणि एकाच कारणाने एकाच वेळी निरुपयोगी होत असतील, तर त्यांची गणना दहा होत नाही, एकच होते. यावरून पुढील सिद्धान्त निघतो: मोजायच्या त्या व्यक्ती नव्हेत, स्वतंत्र संपर्क. स्वतंत्र म्हणजे काय, हे गरजेच्या प्रकारानुसार बदलते. ते कसे बदलते हाच या विवेचनाचा मुख्य विषय आहे.

प्रचलित उत्तराचा विचार आधी करणे उचित. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ मध्ये वानरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूतील बाह्यपटलाचे प्रमाण आणि त्यांच्या कळपाचा आकार यांची सांगड घातली आणि त्यावरून मनुष्यासाठी १४८ ही संख्या काढली. तीच पुढे १५० म्हणून रूढ झाली. त्यांच्या मते हे वर्तुळ सलग नसून स्तरांचे आहे: आतून बाहेर ५, १५, ५० आणि १५०, प्रत्येक स्तर आधीच्या सुमारे तिप्पट. २०१६ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनमधील पाहणीत फेसबुकवर साधारण दीडशे मित्र असलेल्यांनी, संकटात विसंबता येतील असे सुमारे चारच आणि सहानुभूती देतील असे सुमारे चौदाच मित्र असल्याचे सांगितले. या पाहणीचा अर्थ स्पष्ट आहे. माध्यमामुळे बाहेरचा परीघ फुगतो, आतले दोन स्तर जिथल्या तिथे राहतात.

तथापि १५० हा आकडा प्रमाण मानण्यात अडचण आहे. २०२१ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधकांनी तीच सांगड अन्य सांख्यिकी पद्धतींनी तपासली, तेव्हा एका पद्धतीत अनुमानाची व्याप्ती ४ पासून ५२० पर्यंत निघाली. इतकी रुंद व्याप्ती असलेला आकडा आधार म्हणून घेता येत नाही. शिवाय मेंदूवरून काढलेली संख्या फार तर मनुष्य किती जणांना सांभाळू शकेल हे सांगेल. त्याला किती जण लागतात, हा प्रश्न वेगळा आहे. सामर्थ्यावरून गरज सिद्ध होत नाही. गरज सिद्ध करायची तर ज्या परिस्थितीत मनुष्य राहतो त्या परिस्थितीतच उतरावे लागते.

ती परिस्थिती येथे बिरवाडीची घेतली आहे. निवडीला कारण आहे. रायगड जिल्ह्यातील काळ नदीच्या काठचे, महाड औद्योगिक वसाहतीलगतचे आणि वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. येथे संपर्काच्या चार गरजा ठळकपणे एकत्र येतात: पूर आणि दरडी यांमुळे रक्षणाची, घरातील कर्ती माणसे मुंबई-पुण्याला असल्याने आधाराची, कारखान्यांमुळे वार्तेची, आणि भावकी, गावकी, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांचे 'मुंबई मंडळ' यांमुळे सहभागाची. मोठ्या शहरात या गरजा संस्थांमागे झाकल्या जातात. येथे त्या उघड्या दिसतात.

पहिली गरज रक्षणाची. तिच्यात चूक झाली तर ती दुरुस्त करण्यास अवसर मिळत नाही, म्हणून तिचा विचार सर्वांत विस्ताराने करणे योग्य होय.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दक्षिण रायगडातील अनेक गावांत वीज आणि मोबाईल सेवा कित्येक दिवस बंद राहिली. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही त्याच दिवशी दरडी कोसळल्या. रस्ते पाण्याखाली होते, फोन लागत नव्हते आणि तळियेला मोठे मदतकार्य पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्यापूर्वी जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या होत्या. अशा दिवशी बिरवाडीतील एखाद्याच्या मोबाईलमध्ये पंचक्रोशीतील चारशे नावे असतील, तरी ती सर्व नावे त्याच टॉवरवर, त्याच वीजवाहिनीवर आणि त्याच पाण्याच्या कक्षेत असतात. टॉवर बंद पडताच चारशेचे शून्य होते. गणनेत ती प्रथमपासून एकच होती.

यावरून रक्षणासाठी स्वातंत्र्य म्हणजे स्थानाचे स्वातंत्र्य, हे सिद्ध होते. परंतु येथे एक विरोध उपस्थित होतो. जो जवळ आहे तो हात देऊ शकतो, पण त्याच संकटात सापडलेला असतो. जो दूर आहे तो सुरक्षित असतो, पण पोहोचू शकत नाही. मुंबईतील मुलगा महाडपासून सुमारे १७० किलोमीटरवर आहे. त्याचा फोन चालू असतो, पण गावातून त्याला कोणाचाच फोन लागत नाही. साखळी मध्येच तुटते. म्हणून जवळचा आणि दूरचा या दोहोंखेरीज तिसऱ्या प्रकाराची आवश्यकता निष्पन्न होते. याला 'मध्यस्थानी संपर्क' म्हणता येईल: जो दुसऱ्या पाणलोटात आणि दुसऱ्या टॉवरवर आहे, परंतु परिसर जाणतो. घाटापलीकडील भोर नीरेच्या खोऱ्यात येते. तेथील नातेवाईक या व्याख्येत बसतो. पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला तर तो येऊ शकणार नाही, हे खरे. त्याचे काम येण्याचे नाहीच. वाडीतील कोणी चढणीवरच्या रेंजच्या जागेपर्यंत चालत गेला आणि त्याला एकच फोन लागला, तर तो एक फोन पुढे मुंबईला, नियंत्रण कक्षाला आणि अन्य नातेवाइकांना पोहोचवणे, हे त्याचे काम. कोणी कोणाला कळवायचे हे आधी ठरलेले असेल तरच ही योजना चालते. ठरलेले नसेल तर रेंज मिळालेला मनुष्य ओळखीच्या पहिल्या नावाला फोन लावतो आणि बॅटरी संपते.

आता संख्या काढता येते. जवळचे दोन, आणि ते दोघे वेगवेगळ्या घरांतील, कारण पती-पत्नी बहुधा एकाच वेळी एकाच ठिकाणी असतात. त्या दोघांपैकी एक चढावर राहणारा असावा. मध्यस्थानी एक. दूरचे दोन, त्यांपैकी एक तरी रात्री फोन उचलणारा. एकूण पाच. ही संख्या डनबार यांच्या सर्वांत आतल्या स्तराशी जुळते. हा योगायोग आहे, त्याला पुरावा मानू नये. तेथील पाच भावनेवरून निघाले, येथील पाच नदीवरून.

या पाचांना आणखी एक अट लागू होते. ते परस्परांना ओळखत असले पाहिजेत आणि परस्परांचे क्रमांक त्यांच्याकडे असले पाहिजेत. मुलाकडे शेजाऱ्याचा क्रमांक नसेल आणि शेजाऱ्याकडे भोरच्या मामांचा नसेल, तर ते पाच सुटे संपर्क राहतात, त्यांचा संच होत नाही. अनेक घरांत आजही भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या कोपऱ्यात पेनाने क्रमांक लिहिलेले आढळतात. मोबाईल बंद पडल्यावरही ते वाचता येतात, दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात आणि घरात आलेल्या परक्यालाही दिसतात. नोंदवही म्हणून मोबाईलपेक्षा ती भिंत अधिक विश्वसनीय आहे.

दुसरी गरज आधाराची. येथे स्थानाचे स्वातंत्र्य लागत नाही. पुण्यातील बहिणीशी अर्धा तास बोलून जे हलके वाटते ते अंतराने कमी होत नाही. ऑनलाइन माध्यमाचे खरे सामर्थ्य याच प्रकारात दिसते. येथे लागते ते पक्षाचे स्वातंत्र्य. कोकणातील कुटुंबाच्या दुःखांचा मोठा भाग भावकीतूनच उत्पन्न होतो: सातबाऱ्यावरची नावे, सामाईक घराची वाटणी, आंब्याच्या झाडावरचा हक्क. भावकीतील वादाचे दुःख भावकीतल्याच व्यक्तीला सांगितले की ते दुःख न राहता बाजू होते. म्हणून आधार देणाऱ्यांपैकी निदान तीन-चार जण भावकीबाहेरचे असणे आवश्यक आहे: शाळेतील मैत्रीण, कामावरचा सोबती, सासर-माहेर या दोन्ही चौकटींबाहेरची कोणी. विवाहित स्त्रीच्या बाबतीत ही अट अधिक कठोरपणे लागू होते, कारण तिच्या मोबाईलमधील नोंदी लग्नानंतर पुष्कळदा सासरच्या नात्यांनी भरतात आणि शाळेच्या मैत्रिणींचे क्रमांक बदलत जाऊन हरवतात. एकूण दहा संपर्क या गरजेला पुरतात. त्यांहून अधिकांना तेच दुःख पुन्हा पुन्हा सांगितल्याने ते पसरते, हलके होत नाही.

तिसरी गरज वार्तेची: नोकरी, दर, दवाखाना, योजना, प्रवेश यांची माहिती. या प्रकाराचे शास्त्र अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून बातमी मिळाली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे. वारंवार भेटणारा असे उत्तर १६.७ टक्क्यांनी दिले, अधूनमधून भेटणारा असे ५५.६ टक्क्यांनी आणि क्वचित भेटणारा असे २७.८ टक्क्यांनी. कारण सरळ आहे. जो रोज भेटतो त्याला आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील अभ्यासाने हे मत सूक्ष्म केले: अत्यंत दुर्बळ नव्हे, मध्यम दुर्बळ ओळखी नोकरीसाठी सर्वाधिक उपयोगी ठरतात.

हे बिरवाडीला लावून पाहू. आयटीआय झालेल्या मुलाला औद्योगिक वसाहतीतील जागेची बातमी हवी असते. त्याच्या वाडीतील वीस मुले एकाच ठेकेदाराकडे जात असतील तर त्या विसांकडून एकच बातमी वीस वेळा येते. त्याला लागतो तो दुसऱ्या खात्यातील एक, दुसऱ्या कारखान्यातील एक, चाकणमधील एक आणि अर्ज कोणत्या तारखेला निघतात हे पाहणारा एक. म्हणून वार्तेसाठी स्वातंत्र्य म्हणजे उगमाचे स्वातंत्र्य. येथे रक्षणाच्या उलट नियम लागतो: हे संपर्क परस्परांना न ओळखणारे असणेच हितकर, कारण ओळख झाली की उगम मिसळतात. एकाच मनुष्याला एकमेकांशी जोडलेला संच आणि एकमेकांपासून सुटे राहिलेले संपर्क, या दोहोंची गरज असते. जो केवळ आपल्या माणसांत रमतो त्याला संधीची बातमी उशिरा कळते. जो केवळ ओळखी वाढवत राहतो त्याच्यासाठी पुराच्या रात्री कोणी निघत नाही. जीवनाची क्षेत्रे मोजली तर वार्तेसाठी पंधरा ते वीस संपर्क पुरेसे होतात.

चौथी गरज सहभागाची. हिच्यातील संख्या मोठी भासते, कारण मंडळाच्या ग्रुपमध्ये दोनशे माणसे असतात. परंतु येथे व्यक्तिशः संपर्क लागत नाही, प्रतिनिधीमार्फत पुरतो. याचे प्रमाण महाडच्याच इतिहासात आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. रा. बा. मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे अशा थोड्या कार्यकर्त्यांनी ती परिषद उभी केली. त्या हजारोंना कोणी एकाने व्यक्तिशः ओळखणे शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते. गावातील एकाला निरोप गेला की गावाला निरोप गेला. तो एक मनुष्य गावाच्या विश्वासाचा असला की पुरे. आजच्या मुंबई मंडळाची रचना अजूनही अशीच आहे. अध्यक्ष आणि खजिनदार यांच्याशी ज्याचा संपर्क आहे त्याला मंडळाच्या प्रत्येक सभासदाशी तो ठेवण्याचे कारण नाही. वाडीचा, मंडळाचा आणि शाळेच्या तुकडीचा असे तीन-चार ग्रुप आणि प्रत्येकातील एक विश्वासाचा मनुष्य, एवढ्यात ही गरज भागते. हे मनुष्य बहुधा आधीच्या तीन प्रकारांत येऊन गेलेले असतात, म्हणून त्यांची गणना पुन्हा करू नये.

बेरीज पाच, दहा आणि पंधरा ते वीस, म्हणजे तीस ते पस्तीस. ही संख्या वेळेच्या कसोटीवर उतरते का, ते पाहणे अवश्य आहे, कारण जो संपर्क सांभाळता येत नाही तो लवकरच नोंद होतो. उदाहरणादाखल रक्षणाच्या पाचांना आठवड्याला प्रत्येकी ४० मिनिटे, आधाराच्या दहांना २० मिनिटे आणि वार्तेच्या विसांना ६ मिनिटे धरू. २०० अधिक २०० अधिक १२०, एकूण ५२० मिनिटे. रोज सव्वा तासाच्या आत. कारखान्यात पाळी करणाऱ्याला किंवा घर सांभाळणाऱ्या बाईला हे साध्य आहे. याउलट १५० जणांना प्रत्येकी १० मिनिटे द्यायची तर आठवड्याला २५ तास लागतात. तेवढा वेळ देणाऱ्याच्या घरी कोणाचा तरी वेळ कमी होतो.

अतिरेकाचा दोष केवळ वेळेचा नाही. संपर्क आणि नोंद यांतील भेद पुसला की नोंदीवरही संबंधाइतका विश्वास ठेवला जातो, आणि त्याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षुकांना ठार मारले. तशा अफवा त्या काळात मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर पाच संभाषणांची मर्यादा घातली. दहा ग्रुपांतून आलेली एकच अफवा दहा साक्षीदारांची साक्ष वाटते. उगमाच्या स्वातंत्र्याची कसोटी लावली असती तर ती शून्य ठरली असती, कारण दहांपैकी एकानेही काही पाहिलेले नव्हते.

वयानुसार ही विभागणी बदलते. विद्यार्थ्याला वार्तेचे संपर्क अधिक लागतात. रक्षणाचे घरच असते. चाकरमान्याला रक्षणाचे दोन संच लागतात, एक मुंबईतील चाळीत किंवा सोसायटीत स्वतःसाठी आणि दुसरा गावी आई-वडिलांसाठी. दुसरा संच आई-वडिलांचा असला तरी त्यातील प्रत्येकाशी त्याचा स्वतःचा संपर्क असला पाहिजे. केवळ गणपतीला आणि शिमग्याला भेटणाऱ्या शेजाऱ्याकडून रात्री दोन वाजता धाव घेण्याची अपेक्षा धरता येत नाही. वृद्धाच्या बाबतीत वार्तेची गरज क्षीण होते, पण रक्षण आणि आधार यांतील माणसे मृत्यूमुळे, स्थलांतरामुळे, क्रमांक बदलल्यामुळे घटत जातात आणि ती घट भरून काढण्याचे सामर्थ्य त्याच वयात सर्वांत कमी असते. म्हणून दरवर्षी मृग लागण्यापूर्वी पाचही क्रमांक प्रत्यक्ष लावून पाहणे आणि रिकामी जागा भरणे, हे काम घरातील तरुणाने करावयाचे आहे.

एक वर्ग मात्र या गणनेत बसत नाही. ज्यांची मुले नाहीत, ज्यांच्या वाडीत चार घरे उरली आहेत, किंवा जे परराज्यातून कारखान्यात कामाला येऊन भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांना स्वतःच्या बळावर पाचांचा संच उभा करता येत नाही. त्यांच्यासाठी व्यक्तीऐवजी पदाचा संपर्क उभा करावा लागतो. पोलीस पाटील, आशा सेविका आणि ग्रामपंचायतीचा शिपाई ही तीन पदे गावात आहेत आणि ती धारण करणारी माणसे घरे ओळखतात. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी अशा व्यक्तींची यादी करून प्रत्येकीस चढावरचे एक घर आणि या तिघांपैकी एक पद नेमून द्यावे, खोलीमालकाचा क्रमांक त्यात घालावा आणि यादीची प्रत कार्यालयाबाहेरही एका घरी ठेवावी, कारण पूर आला तर कार्यालयही पाण्यात जाते.